सुताचा पाना आणि मिलिमीटरचा पाना : जुनी जीप बांधणाऱ्या एका गॅरेजविषयी

ज्या गॅरेजविषयी लिहायचे आहे, त्याच्या मालकानेच आपले नाव छापू नका अशी विनंती केली आहे. या विनंतीमागे विनय नसून रांग आहे. अंगणात आधीच चार जीपगाड्या, दोन ट्रॅक्टर आणि एक मळणीयंत्र उभे आहे, आणि आणखी गिऱ्हाईक आले तर आहे त्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाव्या लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून एवढेच सांगतो की यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गापासून थोडे आत, टिनाच्या शेडात हे गॅरेज चालते. शेडाच्या एका कोपऱ्यात जुना लेथ, म्हणजे लोखंड कातण्याचे यंत्र, आहे, दुसऱ्या कोपऱ्यात वेल्डिंगचे सामान आहे, आणि मधोमध लिंबाचे एक झाड शेडाला भोक पाडून वर गेलेले आहे. त्या झाडाच्या फांदीला साखळदंड बांधून इंजिन उतरवतात. ज्यांना पांढऱ्या फरशीचे आणि काचेच्या खोलीचे सर्व्हिस सेंटर हवे असेल, त्यांनी पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

माझी जीप १९६८ सालची आहे. महिंद्राची, पेट्रोलवर चालणारी, उंच बॉनेटची. वडिलांनी ती १९८४ साली एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात घेतली, आणि तेव्हापासून बियाणे, खत, कापूस वेचणाऱ्या बाया, दवाखान्यात न्यायचे आजारी माणूस आणि निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांचे कार्यकर्ते तिने सारख्याच तक्रारीने वाहिले. आमच्याकडची जमीन काळी आणि भारी. मृगाचे दोन पाऊस झाले की पांदण रस्त्यात बैलाचाही पाय रुतून बसतो, तिथे पुढची चाके जोडून आणि खालचा गिअर टाकून ही गाडी निघून जाते. गेल्या वर्षी मात्र इंजिन धूर ओकू लागले, दुसरा गिअर आपोआप सुटू लागला आणि पायाखालचा पत्रा कुजून रस्ता दिसू लागला. तेव्हा ती विकावी की बांधावी असा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे मिस्त्री लोक इंजिन ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’. ‘बांधणे’ हा शब्द घराला, मोटेला आणि इंजिनाला सारखाच लागतो, आणि या जीपच्या बाबतीत तो फार जुना व नेमका आहे, कारण ही गाडी आपल्या देशात पहिल्यांदा आली तीच मुळी सुटी, खोक्यांत भरून आली.

गॅरेजची पारख करण्याआधी हा इतिहास थोडा सांगावा लागेल, कारण त्याशिवाय मिस्त्रींनी काय केले आणि काय करायला नकार दिला, हे कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकी सैन्याने एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी मागवली. पेनसिल्व्हानियातील बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना सात आठवड्यांत उभा केला. पण एवढ्या लहान कारखान्याकडून सैन्याची गरज भागणार नव्हती, म्हणून मोठी उत्पादनाची कामे फोर्ड आणि ओहायोतल्या टोलेडो शहरातील विलिस-ओव्हरलँड या दोन कंपन्यांकडे गेली. विलिसचे चार सिलिंडरचे, सुमारे बावीसशे सीसीचे आणि साठ अश्वशक्तीचे इंजिन त्या गाडीचा प्राण होते. युद्ध संपले तेव्हा दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या केल्या होत्या, आणि १९४५ मध्ये विलिसने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी व सामान्य नागरिकांसाठी काढली. तिच्या नावातील ‘सीजे’ ही अक्षरे ‘सिव्हिलियन जीप’ची, म्हणजे नागरी जीपची.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, आपल्याकडे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. त्यांतले कैलासचंद्र महिंद्र युद्धकाळात भारताच्या पुरवठा मंडळाच्या कामासाठी अमेरिकेत होते, तिथे त्यांनी ही गाडी पाहिली, आणि रस्ते नसलेल्या देशाला ती उपयोगी पडेल हे त्यांच्या ध्यानात आले. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले, म्हणजे आद्याक्षरे होती तीच राहिली. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिसच्या परवान्याने जीपची जुळणी सुरू झाली. पहिली खेप ७५ गाड्यांची होती. चासी, इंजिन, आस, पत्रे, काचा, सारे अमेरिकेतून लाकडी खोक्यांत येई आणि इथले कामगार ते जोडीत. या पद्धतीला मोटारधंद्यात ‘सीकेडी’ (कम्प्लीटली नॉक्ड डाउन) म्हणतात. पूर्ण सुट्या केलेल्या गाडीला बोटीत जागा कमी लागते, जकात कमी पडते आणि जोडणीची मजुरी आपल्या माणसांना मिळते, एवढे तिचे साधे अर्थशास्त्र आहे.

जुळणी करणारी ही काही एकटी कंपनी नव्हती. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून होता, आणि फोर्डही इथे गाड्या जोडीत असे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या, मग फियाट आणली, आणि तीच पुढे पद्मिनी होऊन २०२३ पर्यंत मुंबईच्या टॅक्सीत धावली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ओखा बंदरातून निघून कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. आपल्या विदर्भाचाही या धंद्यात लहानसा वाटा आहे. वर्ध्याच्या बजाज घराण्याच्या पेढीचे नाव घेऊन निघालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकू लागली, आणि आजची बजाज ऑटो ती हीच.

यांतले कोण टिकले आणि कोण गेले, हे सरकारच्या एका निर्णयाने ठरले. १९४९ मध्ये तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने, म्हणजे जकातीविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने, अशी शिफारस केली की ज्यांच्यापाशी हळूहळू सुटे भाग इथेच बनवण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे, आणि नुसती जुळणी करणाऱ्यांनी दुकान आवरावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आवरले. खपणाऱ्या गाड्या इतक्या थोड्या असताना इंजिन ओतण्याचा कारखाना काढणे त्यांना परवडणारे वाटले नाही, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. महिंद्राने मात्र १९५४ मध्ये विलिसशी सहकार्याचा करार करून भाग इथेच बनवायचे ठरवले आणि पुढे कांदिवलीला मोठा कारखाना उभा केला. एकेक भाग खोक्यातून वजा होत गेला आणि इथल्या भट्टीतून येऊ लागला. माझी १९६८ ची गाडी या वजाबाकीच्या काळातली आहे, त्यामुळे ती उघडल्यावर तिच्यात काय काय निघते याची मला वडिलांपासून उत्सुकता होती.

होळी झाल्यावर गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींचे वय साठीच्या पुढे, बोलणे थोडे, आणि हातात नेहमी कापसाचा बोळा. पहिले दोन दिवस त्यांनी गाडीला हातच लावला नाही. फक्त दोन मुलांना ती खोलायला सांगून स्वतः खाटेवर बसून बघत राहिले. मला ते आळसाचे वाटले. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा समजले की निघालेला प्रत्येक भाग तीन ढिगांत टाकला जात होता : एक जसाच्या तसा परत लागणारा, एक इथे बनवता येणारा आणि एक बाहेरून आणावा लागणारा. “सर, ज्याले खोलताच येत नाई त्यानं बांधाच्या भानगडीत पडू नोये,” एवढेच ते म्हणाले. माझगावच्या कारखान्यात खोकी उघडताना जी शिस्त असेल, तीच मला त्या ढिगांत दिसली, आणि या गॅरेजला मी जे गुण देतो त्यांतले निम्मे याच शिस्तीचे आहेत. आमच्याकडचे बाकीचे मिस्त्री सगळे सामान एका घमेल्यात टाकतात आणि बांधून झाल्यावर उरलेले चार नट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतात.

पान्यांच्या पेट्या दोन आहेत. एका पेटीवर खडूने ‘सूत’ आणि दुसरीवर ‘एमएम’ असे लिहिलेले आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सुतार, लोहार व जुने मोटार मिस्त्री आजही त्याच मापात बोलतात. माझ्या जीपचे सगळे नटबोल्ट इंचाचे, म्हणजे सुताच्या पान्याचे, कारण तिची माप-पट्टी अमेरिकेची आहे. देशात १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली, दुकानातला शेर आणि मण गेला, पण जीपच्या पोटातला इंच गेला नाही. शेजारी एका कंत्राटदाराची महिंद्राची एमएम ५४० उभी होती. तिची चासी आणि आस त्याच विलिसच्या वंशातले, पण इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले डिझेलचे, म्हणजे मिलिमीटरचे. एकाच गाडीखाली झोपलेला पोरगा हाताने दोन्ही पेट्या चाचपत होता. कंपनीच्या इतिहासातली दोन परदेशी पर्वे मी कागदावर वाचली होती, पण पेट्यांवरच्या खडूत ती इतकी स्वच्छ लिहिलेली असतील असे वाटले नव्हते.

आता मूळ कामाकडे येतो. उंच बॉनेटच्या जीपचे इंजिन जरा वेगळ्या जातीचे असते. युद्धातल्या इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या ओतीव ठोकळ्यात, होते. १९५३ च्या सीजे-३बी या मॉडेलमध्ये विलिसने हवा घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, नेला आणि धूर सोडणारा खालीच ठेवला. त्यामुळे ताकद सत्तर अश्वशक्तीच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले, आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या गाड्या त्यानंतरही अनेक दशके बनत राहिल्या, आणि म्हणून खेड्यापाड्यांत जीप म्हटले की हेच कपाळ डोळ्यांसमोर येते. या इंजिनाला व्हॉल्व्हच्या दोन वेगळ्या फटी ठेवाव्या लागतात : वरच्याला १८ थाऊ, खालच्याला १६ थाऊ, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. खालचे व्हॉल्व्ह बाजूची पट्टी काढून अंग वाकवून बसवावे लागतात, त्यामुळे आळशी मिस्त्री फक्त वरचे बघून मोकळा होतो. आमच्या मिस्त्रींनी आधी खालचे बसवले, मग वरचे, आणि दोन्ही मापे कोणत्याही पुस्तकात न बघता तोंडपाठ सांगितली. घरी येऊन मी ती वडिलांच्या जपून ठेवलेल्या छापील पुस्तिकेशी ताडून पाहिली, ती बरोबर निघाली.

सिलिंडर आधीच ४० थाऊंपर्यंत बोअर झालेले होते, म्हणजे आणखी कोरायला जागा नव्हती. स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून मूळ मापावर यायचे ठरले. हे काम आपल्या लेथवर होणार नाही, असे मिस्त्रींनी स्वतःहून सांगितले आणि ब्लॉक नागपूरला पाठवला. मला या कबुलीचे मोल मोठे वाटते. किंगपिनचे बुश, पाट्यांच्या शॅकलचे बुश, पाणपंपाचा शाफ्ट आणि क्लचच्या दांड्यांच्या पिना त्यांनी इथेच लेथवर काढल्या, आणि त्या बाजारातल्या मालापेक्षा सरस आहेत. क्रँक, पिस्टन, रिंग आणि बेअरिंग बाहेरून. इथे काय बनते आणि काय बनत नाही, याची रेघ त्यांच्या मनात स्वच्छ आहे.

गिअरपेटीचे काम सर्वांत चांगले झाले. ही तीन गिअरची पेटी आहे, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दातांचे वेग जुळवणारी कडी, नसतो, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. माझा मुलगा शहरात नव्या गाड्या चालवतो आणि इथे आला की या पेटीचे दात वाजवतो, त्यामुळे दोष गिअरचा की चालवणाऱ्याचा, हा आमच्या घरातला जुना वाद होता. मिस्त्रींनी पेटी उघडून दोघांनाही अर्धा अर्धा दोष दिला. दुसरा गिअर सुटणे आता पूर्ण थांबले आहे. शेजारची दोन लहान हँडले, पुढची चाके जोडण्याचे आणि लो गिअरचे, पूर्वी दोन्ही हातांनी ओढावी लागत, ती आता एका हाताने बसतात. हातब्रेक या गाडीला चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो. तो तेलाने भिजून निकामी झालेला होता, तोही आता चढावर गाडी धरतो.

ब्रेकचे मात्र बिनसले. चारही चाकांच्या सिलिंडरचे रबर नागपूरच्या एका दुकानातून आले, डबीवर प्रसिद्ध कंपनीचे नाव होते, आणि पंधरा दिवसांत दोन चाकांतून तेल गळू लागले. माल नकली होता. मिस्त्रींनी मजुरी न घेता ते पुन्हा केले, पण दुसऱ्या संचाचे पैसे माझ्याकडून घेतले, आणि हे मला पटलेले नाही. माल त्यांच्या ओळखीच्या दुकानातून, त्यांच्या चिठ्ठीवर आला होता. नकली निघाल्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसावा? त्यांचे उत्तर असे होते की दुकानदार परत घेत नाही. जुन्या गाडीच्या धंद्यात हे सगळीकडेच चालते, तरी ब्रेकच्या बाबतीत ते चालू नये.

पत्र्याचे काम संमिश्र आहे. पायाखालचा कुजलेला भाग कापून जाड पत्रा घातला तो भक्कम आहे, वेल्डिंग सलग आहे, आणि पाणी निघून जाण्यासाठी भोकेही ठेवली आहेत. डाव्या मडगार्डवर मात्र लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, जाड भरून वरून रंग मारला आहे. बोटाने वाजवले की आवाज मडक्यासारखा येतो, आणि एक-दोन उन्हाळ्यांत ती तडकणार. रंग मूळचा हिरवट खाकी मागितला होता, आला तो पोपटाच्या जरा अलीकडचा. वायरिंग करणारा मुलगा बाहेरून येतो, त्याने सगळ्या तारा एकाच लाल रंगाच्या वापरल्या. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण उद्या रात्री कुठे तार जळाली तर कोणती कशाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. या एका कामासाठी गाडी दुसरीकडे न्यावी, असा माझा सल्ला आहे.

मधल्या काळात मिस्त्रींनी एक प्रस्ताव ठेवला होता, तो इथे सांगणे भाग आहे. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे टाकू, खर्च अर्धा होईल, असे ते म्हणाले. आमच्या भागात हे जुने चलन आहे. महिंद्राच्या घरातच अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी १९६३ साली झालेल्या सहकार्यातून ट्रॅक्टर बनत होते, आणि त्या ट्रॅक्टरच्या वंशातली इंजिने कंपनीने स्वतःच जीपमध्ये बसवली, तेव्हा शेतकऱ्यांनी ते करण्यात नवल नाही. पण इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नोंद लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखे फेरफार करता येणार नाहीत असे स्पष्ट केले आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीला सैन्याच्या लिलावातल्या भागांतून नव्याकोऱ्या दिसणाऱ्या जीपगाड्या बांधून मिळतात, त्या पाहून आमच्याकडची तरुण मंडळी हुरळून जातात, आणि मग कागदपत्रांच्या खिडकीपाशी अडकतात. मी नकार दिला. मिस्त्री रागावले नाहीत. “तुमचं इंजिन मरन पावलं असतं तर म्या म्हटलंच नसतं बांधा म्हनून,” असे म्हणून ते पुन्हा खाटेवर बसले. गिऱ्हाइकाच्या गळ्यात काम न मारणे हाही एक गुण मानावा लागतो.

कागदपत्रांचाच विषय निघाला म्हणून सांगतो : पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये करण्यात आले होते. सरकारी कार्यालयांतल्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या तर १ एप्रिल २०२३ पासून थेट भंगारात जातात. म्हणजे वडिलांनी जशी लिलावात घेतली, तशी आता कोणाला घेता येणार नाही. गटविकास अधिकाऱ्याची, मलेरियावाल्यांची आणि वनखात्याची जीप खेड्यातल्या माणसाकडे येण्याची जी वाट होती, ती बंद झाली आहे, आणि या गॅरेजच्या अंगणातल्या गाड्या त्याच वाटेने आलेल्या आहेत. मिस्त्रींचे दोन्ही मुलगे ट्रॅक्टरचे काम शिकले, जीपचे नाही, यामागचे कारण हेच असावे.

पैशांचा हिशेब असा झाला : इंजिन ६२,०००, गिअरपेटी आणि ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) १८,५००, ब्रेक, स्टिअरिंग व किंगपिन २६,०००, पत्रा आणि रंग ४८,०००, वायरिंग १४,०००, हूड आणि गाद्या १९,०००, एकूण १,८७,५०० रुपये. सुरुवातीला सांगितलेला आकडा १,४०,००० होता. वाढीतला स्लीव्हचा आणि क्रँकचा खर्च खोलल्याशिवाय कळण्यासारखा नव्हता, तो मी मान्य करतो. रंगाचा वाढीव खर्च मला अजून कळलेला नाही. बिल वहीच्या पानावर मिळते, त्यात सामान आणि मजुरी वेगळी लिहिलेली असते, आणि जुने काढलेले भाग पोत्यात भरून परत दिले जातात. जुने पिस्टन त्या पोत्यातून निघाले आणि आता माझ्या टेबलावर कागद दाबायला आहेत.

वेळेच्या बाबतीत मात्र हे गॅरेज नापास आहे. अक्षय्य तृतीयेच्या आत गाडी देतो, म्हणजे सहा आठवड्यांत, असा शब्द होता. लागले चौदा आठवडे. गाडी हाती आली तेव्हा मृग लागून पंधरवडा होत आला होता, बियाणे मी भाड्याच्या गाडीने आणले होते, आणि ज्या चिखलासाठी एवढा खर्च केला त्याचा पहिला हप्ता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने तुडवला. फोन केला की “उद्या होते जी” हे उत्तर ठरलेले. उशीर होणार हे आधी सांगितले असते तर मी पेरणीनंतरच गाडी दिली असती.

एकदा असाच खोळंबून बसलो असताना गॅरेजमधल्या पोराने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली आणि विचारले, “सर, हे आपलीच गाडी हाये ना?” ती महिंद्राची रॉक्सर होती. या कंपनीने अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ऑबर्न हिल्सला एक कारखाना काढला, आणि २०१८ मध्ये तिथे भारतातून गेलेल्या सुट्या भागांची जुळणी करून शेतात-रानात चालवायची ही गाडी विकायला सुरुवात केली. जीप या नावाची तेव्हाची मालक असलेल्या फियाट क्रायसलर कंपनीने, आमच्या गाडीचे रूप चोरले, अशी तक्रार तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेला, आणि रॉक्सरचे तोंड बदलावे लागले. गंमत अशी की तीच फियाट क्रायसलर २०१७ पासून आपल्या पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपास बनवत होती. मी पोराला हे सगळे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, “मंग तिकडच्या गाडीले पाने सुताचे लागते का एमएमचे?” मला उत्तर देता आले नाही, मिस्त्री खाटेवरून हसले.

गाडी आल्यापासून दीड हजार किलोमीटर चालली आहे. थंडीत पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते, धूर नाही, तेल खात नाही, ट्रान्सफरच्या खाली एक थेंब पडतो, तो मिस्त्रींच्या मते या जातीच्या गाडीचा जन्मखूण आहे आणि माझ्या मते सील नीट बसले नाही. श्रावणात पांदणीत एकदा दोन्ही आस टेकेपर्यंत रुतली आणि लो गिअरवर, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला हाक न मारता, बाहेर आली. स्टिअरिंग अजून जड आहे, पण ते कारखान्यातूनच तसे आहे. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतेच. ताशी साठच्या पुढे नेऊ नये, आणि नेण्याची इच्छाही होत नाही.

ज्यांच्याकडे इंचाच्या मापाची जुनी पेट्रोल जीप आहे आणि ती मूळ स्वरूपातच ठेवायची आहे, त्यांनी इंजिन, गिअरपेटी आणि स्टिअरिंगसाठी हे गॅरेज निःशंक निवडावे. रबराचा आणि ब्रेकचा माल स्वतः जाऊन, पक्के बिल घेऊन आणावा. वायरिंग दुसरीकडे करावे. लांबी भरण्याआधी एकदा येऊन पत्रा बघतो, असे बजावून ठेवावे, आणि रंगाचा नमुना तोंडी न सांगता पत्र्याच्या तुकड्यावर द्यावा. गाडी दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी झाली की द्यावी, म्हणजे सहाचे चौदा आठवडे झाले तरी पेरणी हुकत नाही. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त मागत नाहीत. बाजाराच्या दिवशी शेड गजबजलेले असते, त्या दिवशी बोलायला जाऊ नये, आणि अमावस्येला तर मुळीच जाऊ नये, कारण त्या दिवशी लेथ बंद ठेवतात आणि मिस्त्री गावी जातात.